अर्धा कप घ्याच, फादर!

तुमच्या ऑफिसात एक फादर जॅक नक्की आहे. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असतो, कामाचं नाव काढलं की गुरगुरतो, आणि तरी त्याला कुणी हलवू शकत नाही, कारण तो 'सीनियर' आहे. एक फादर डुगलही असणार. स्वभावानं सोन्यासारखा, पण साधं झेरॉक्स मशिन त्याच्या हाती द्यायची भीती वाटते. आणि या दोघांच्या मध्ये सापडलेला एक फादर टेड. आपण इथे चुकून येऊन पडलोय, आपली खरी जागा हेड ऑफिसात आहे, असं मनोमन मानणारा. तुमच्याकडे हा तिसरा कोण, ते तुम्हीच ठरवा. माझ्याकडे ऑफिस नाही, फ्रीलान्सर आहे, त्यामुळे ते पद मी बिनविरोध घेतलंय.

तर मंडळी, आजचा विषय 'फादर टेड'. चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीवर २१ एप्रिल १९९५ ला सुरू झालेला आणि १ मे १९९८ ला संपलेला सिटकॉम. तीन सीझन, एक ख्रिसमस स्पेशल, मिळून एपिसोड फक्त पंचवीस. आपल्याकडे एवढ्या एपिसोडमध्ये सुनेचा गृहप्रवेशसुद्धा धड होत नाही. मास कॉमच्या हॉस्टेलवर एका मैत्रिणीच्या हार्ड डिस्कमध्ये मला ही मालिका सापडली. तेव्हापासून वर्षातून एकदा तिची पारायणं होतात. यंदाचं पारायण बदनापूरला झालं, घरी, आजीच्या शेजारी बसून. त्याबद्दल पुढे सांगतेच.

गोष्ट अशी. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे क्रॅगी आयलंड नावाचं एक (काल्पनिक) बेट आहे. तिथल्या घरात तीन कॅथलिक धर्मगुरू राहतात. राहतात म्हणजे, बिशपनं त्यांना तिथे टाकलंय. सरकारी खात्यात जशी शिक्षेची बदली असते ना, तशी. टेडनं एका लहान मुलाच्या लूर्द यात्रेसाठीचे पैसे परस्पर लास व्हेगासला उडवले. ते पैसे आपल्या खात्यात नुसते विश्रांती घेत होते, हा त्याचा खुलासा पंचवीस एपिसोड कायम राहतो. डुगलनं काही नन्सच्या बाबतीत काय घोळ घातला, ते शेवटपर्यंत नीट कळत नाही. जॅकला दारू आणि शिव्या यापलीकडे जगात रस नाही. आणि या तिघांची देखभाल करायला मिसेस डॉइल, जी येईल त्याला चहा पाजते. नको म्हणालात तरी पाजते. नको म्हणालात तर जास्तच पाजते.

इथे मराठी माणूस एकदम घरी पोचतो. 'घ्या हो, अर्धा कपच तर आहे' हे वाक्य मराठवाड्यात दिवसातून किती वेळा कानावर पडतं, हे मोजायची सोय नाही. बदनापूरला एका गल्लीत तीन घरी निरोप द्यायला गेलात तर दीड कप अटळ. नाही म्हणायचं, त्यांनी आग्रह करायचा, पुन्हा नाही म्हणायचं, मग घ्यायचा, अशी ही रीतसर प्रोसिजर आहे. मिसेस डॉइल तीच प्रोसिजर इतकी ताणते की पाहुणा रडकुंडीला येतो. ख्रिसमस स्पेशलमध्ये टेड प्रेमानं तिला चहा करणारं यंत्र आणून देतो, तिची कटकट वाचावी म्हणून. ती त्या यंत्राकडे असं बघते, जणू घरात सवत आली. कारण ती कटकट हीच तिची नोकरी, तिचा मान आणि तिचा विरंगुळाही. ऑटोमेशनवरचे सतरा सेमिनार एकीकडे आणि हा सीन एकीकडे.

आता बदनापूरचं सांगायचं तर, जालन्यापासून वीसेक किलोमीटर. तालुक्याचं ठिकाण, संभाजीनगरचा हायवे, रेल्वे स्टेशन, आणि शेतकऱ्यांमध्ये प्रसिद्ध असलेलं कृषी संशोधन केंद्र. बीडीएन ७११ ही तूर पेरली असेल कुणी तुमच्या घरी, तर त्यातलं बीडीएन म्हणजे आमचं बदनापूर. पण कॅथलिक फादर मात्र माझ्या लहानपणी फक्त सिनेमात भेटले. 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) अँथनीला वाढवणारे, गळ्यात क्रॉस, आवाजात मध. जालन्याला ख्रिस्ती समाज आहे आणि जुना आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं होतं. पण ते प्रोटेस्टंट, स्कॉटिश मिशनचे. मराठी वाचकाला 'फादर' म्हटल्यावर आठवतात ते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुबोध बायबल'वाले, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. एक ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष झाला म्हणून तेव्हा विरोध करणारेही निघाले. आजारपण असूनही फादर मराठवाड्यात आले आणि बोलले. २०२४ मध्ये ते गेले.

म्हणजे आपल्या डोक्यातला फादर हा एकतर सिनेमातला मधाळ, नाहीतर दिब्रिटोंसारखा विद्वान. गाढवपणा करणारा फादर आपल्याला ठाऊकच नाही. आयर्लंडला मात्र तो पक्का ठाऊक होता, आणि त्याच्याबद्दल मोठ्यानं बोलायची सोय नव्हती.

हे जरा नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी गंमत तिथे आहे. तिथे चर्च म्हणजे देव, शाळा, हॉस्पिटल आणि शेजारपाजार, सगळं एकत्र. आणि नेमक्या ९० च्या दशकात हा डोलारा हलायला लागला. १९९२ मध्ये इमन केसी नावाच्या लाडक्या बिशपला अमेरिकेत एक मुलगा असल्याचं बाहेर आलं. १९९४ मध्ये लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूच्या प्रकरणावरून तिथलं सरकार पडलं. नोव्हेंबर १९९५ मध्ये घटस्फोटाला परवानगी द्यायची की नाही यावर सार्वमत झालं आणि होकार जेमतेम ९ हजार मतांनी जिंकला. होय, १९९५. तोवर तिथे घटस्फोटाला घटनेनंच मनाई होती.

अशा वातावरणात ग्रॅहम लिनेहन आणि आर्थर मॅथ्यूज या दोन आयरिश पोरांनी हे लिहिलं. आयर्लंडच्या सरकारी वाहिनीनं मालिका नाकारली, अशी एक दंतकथा फिरत असते. खरं म्हणजे त्यांनी ती तिकडे दिलीच नव्हती. ते लंडनमध्ये होते, त्यांनी लंडनमध्येच विकली. गावाबद्दल लिहायला गावापासून थोडं लांब असलेलं बरं, हे बहुतेक त्यांना आधीच कळलं होतं.

आणि लिहिलं कसं? तर अजिबात न चिडता. मोर्चा नाही, पर्दाफाश नाही. 'पॅशन ऑफ सेंट टिब्युलस' हा एपिसोड बघा. बेटावरच्या थिएटरात एक धर्मद्रोही सिनेमा लागतो. बिशपचा हुकूम येतो, निषेध करा. टेड आणि डुगल दोन फलक घेऊन थिएटरबाहेर उभे राहतात. एकावर 'असले प्रकार बंद करा' अशा अर्थाचं काहीतरी, दुसऱ्यावर 'जरा जपून' अशा अर्थाचं. परिणाम? बेटावर कधी नव्हे एवढी गर्दी त्या सिनेमाला होते. आपल्याकडे कुठल्याही सिनेमावरून किंवा नाटकावरून वादंग उठलं की मला हे दोन फलक दिसायला लागतात. ब्रिटन-आयर्लंडात तर खऱ्याखुऱ्या मोर्चांत लोक तेच फलक गंमत म्हणून घेऊन येतात.

तर आता आजीकडे वळू. मी लॅपटॉपवर हेडफोन लावून बघत होते. आजी शेजारी तुरीची डाळ निवडत बसलेली.

"कामून हसायलीस एकटीच?"

मी हेडफोन काढले. म्हटलं, आजी, हे चर्चमधले फादर आहेत.

"म्हंजी त्यांचे महाराज?"

"हो, महाराजच समज."

मग काय, मी इंग्रजीतून मराठीत लाइव्ह डबिंग करत सुटले. डाळ बाजूला राहिली. जॅकला बघून आजी म्हणाली, "असा एक आपल्या भावकीत होता." नाव सांगितलं, मी इथे देत नाही. डुगलला खेळण्यातल्या गायी आणि खिडकीतून लांबवर दिसणाऱ्या गायी यांतला फरक टेड समजावतो (या छोट्या आहेत, त्या लांब आहेत), तो सीन मला दोनदा लावायला लागला. आणि मिसेस डॉइल? ती छपरावर चढून कौलं दुरुस्त करते, तिथून पडते, उठते आणि पुन्हा चहा आणते. आम्ही सगळे यावर खो-खो हसत आलोय. आजी हसली नाही. एवढंच म्हणाली, "बाई आग्रहाची हाय. पण तिला एकजण तरी म्हणतो का, तू बैस म्हणून?"

इतकी वर्षं ही मालिका बघतेय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आजीनं सत्तर वर्षं चहा केलाय, तिला पहिल्या दहा मिनिटांत पडला.

तेवढ्यात माझा चुलतभाऊ आला. दादा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत आहे. दोन मिनिटं उभ्यानं बघितलं आणि म्हणाला, "त्यांचं ठीक आहे. आपल्याकडं असं काढून दाखव, मग कळंल."

हे त्यानं मुद्दाम म्हटलं होतं. कारण त्याला ठाऊक होतं, मी तसंच काहीतरी लिहून बसलेय.

झालंय असं, की मी सहा भागांची एक छोटी मालिका लिहिलीय. मराठवाड्यातलं एक गाव, तिथलं एक आडबाजूचं देवस्थान आणि त्याचा ट्रस्ट. अध्यक्ष, सचिव, खजिनदार. तिघांचं एकमेकांशी पटत नाही, पावतीपुस्तकं तीन, लाउडस्पीकर दोन, आणि मधल्यामध्ये एक पुजारी, ज्याला मुळात रेल्वेत लागायचं होतं. एका वेब-सीरिजवाल्यांना ती आवडली. मानधन ऐकून मी मनातल्या मनात चार महिन्यांचं भाडं भरून टाकलं. मग मेल आला. सगळं सॉलिड आहे, फक्त देव काढा. देवस्थानाऐवजी हाउसिंग सोसायटी करा. पात्रं तीच ठेवा, भांडणं तीच ठेवा. कशाला उगाच कटकट?

आता फ्रीलान्सरला चार महिन्यांचं भाडं म्हणजे काय, हे पगारदार वाचकांना सांगून कळायचं नाही. शिवाय समोरचे लोक वाईट नाहीत. त्यांनाही ऑफिस आहे, त्यांच्याही काचा फुटू शकतात. त्यामुळे दादाच्या बोलण्यावर मी फटकन उत्तर दिलं नाही.

उत्तर आजीनं दिलं. म्हणजे उत्तर नव्हतंच ते. म्हणाली, "सप्त्यात महाराज काय कमी हसवतात व्हय? सून कशी बोलती, सासू कशी बोलती, पोट धरून हसतात माणसं." मग थांबून म्हणाली, "पण ते आपल्याला हसतात. आपण महाराजाला हसलेलं म्या नाही बघितलं."

दादा म्हणाला, "तेच म्हणायलो मी."

मला मात्र वाटतं, आजीनं बघितलं नसलं तरी ते होतं. पैठण काही लांब नाही आमच्याहून. एकनाथांच्या भारुडांत सोंगाढोंगाची टिंगल आहे, आणि ती देवावरच्या प्रेमातून आलेली आहे. गाडगेबाबांची कीर्तनं ऐकलेले लोक सांगायचे की बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारून विचारून त्यांच्याच तोंडून अंधश्रद्धेचं हसं करून घ्यायचे. आणि अलीकडचं हवं असेल तर 'देऊळ' आहेच. उमेश कुलकर्णींचा २०११ चा सिनेमा, गिरीश कुलकर्णींचं लेखन. केश्याला गाईमागे फिरताना दत्त दिसतो आणि बघता बघता गावात मंदिर, दुकानं, राजकारण सगळं उभं राहतं. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. देवाची चेष्टा त्यात कुठेच नाही, उलट शेवटी देवाची कीवच येते. आता 'फादर टेड'चा 'टेंटॅकल्स ऑफ डूम' हा एपिसोड बघा. क्रॅगी आयलंडवर एक पवित्र दगड आहे आणि त्याचा दर्जा वाढवायला तीन बिशप येतात. वरच्या क्लासमध्ये प्रमोशन! 'क' दर्जाचं तीर्थक्षेत्र 'ब' दर्जात जावं म्हणून आपल्याकडे फायली फिरतात, अगदी तसं. त्यातल्या एका बिशपला डुगल निरागसपणे धर्माबद्दल साधे साधे प्रश्न विचारत बसतो, आणि त्या बिचाऱ्याची श्रद्धाच उडते.

आणि म्हणूनच देव काढता येत नाही, असं मी आता ठरवलंय. विचार करा, टेड, डुगल आणि जॅकच्या गळ्यातली पांढरी कॉलर काढली तर काय उरतं? एका घरात राहणारे तीन कंटाळलेले पुरुष. असे तर पुण्या-मुंबईच्या प्रत्येक टूबीएचकेत आहेत. ही माणसं हास्यास्पद होतात ती त्यांच्याकडून फार मोठ्या गोष्टींची अपेक्षा आहे म्हणून. मरण, पाप, क्षमा यांवर लोक त्यांच्याकडे उत्तर मागायला येतात, आणि यांच्या डोक्यात युरोव्हिजनला पाठवायचं घोड्याबद्दलचं गाणं चाललेलं असतं. माझ्या ट्रस्टचंही तेच आहे. सोसायटीच्या पार्किंगवरून भांडणारा सेक्रेटरी फक्त भांडखोर वाटतो. गाभाऱ्याच्या दारात उभा राहून लाउडस्पीकरवरून भांडणारा सचिव बघितला की हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं, कारण पाठीमागे ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो गप्प उभा आहे. सोमवारी मेलला उत्तर जाईल. देव राहतील. भाड्याचं बघू.

जाता जाता टेडची भूमिका करणाऱ्या डरमॉट मॉर्गनबद्दल सांगायलाच हवं. हा मूळचा शाळामास्तर. मग रेडिओवर 'स्क्रॅप सॅटरडे' नावाचा राजकीय टवाळीचा कार्यक्रम केला, थेट पंतप्रधानांची नक्कल. तुफान लोकप्रिय असताना १९९१ मध्ये तो बंद झाला. म्हणजे 'एवढं काढून टाका ना' हे त्यालाही ठाऊक होतं. मग चार वर्षांनी टेड आला आणि तो घराघरात पोचला. तिसरा सीझन शेवटचा, हे आधीच ठरलं होतं. शेवटच्या एपिसोडमध्ये टेडला एकदाचं लॉस एंजेलिसच्या चर्चचं बोलावणं येतं. ही ती हेड ऑफिसची पोस्टिंग! एअरपोर्टवर पोचल्यावर तो भाग गँगवॉरचा आहे हे कळतं आणि गडी मुकाट्यानं क्रॅगी आयलंडवर परततो. त्याच घरी, त्याच दोघांत, त्याच चहात. या एपिसोडचं शूटिंग आटोपलं आणि दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९९८ ला, मॉर्गन हार्ट अटॅकनं गेला. वय ४५. मूळचा शेवट बदलून तिथे सगळ्या एपिसोडमधल्या क्षणांची एक माळ लावली गेली. पुढच्या वर्षी बाफ्टा पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर. जॅक झालेले फ्रँक केली २०१६ मध्ये गेले, तेही २८ फेब्रुवारीलाच.

नवख्यांनी सुरुवात कुठून करावी? 'हेल'पासून, म्हणजे गायी भेटतील. मग 'अ साँग फॉर युरोप'. आयर्लंड १९९२, ९३, ९४ असं तीनदा लागोपाठ युरोव्हिजन जिंकलं होतं. पुन्हा जिंकलो तर यजमानपदाचा खर्च कोण करणार, म्हणून मुद्दाम सगळ्यात रद्दी गाणं निवडायचं, हा त्यातला फंडा. बॉसवर राग असेल तर 'किकिंग बिशप ब्रेनन अप द आर्स'. नावातच सगळं आलं, घरी करून बघू नका. आणि अप्रेझलच्या आठवड्यात ख्रिसमस स्पेशल. त्यात टेडला अवॉर्ड मिळतं आणि तो भाषणात आजवर छळलेल्या प्रत्येकाची यादी वाचतो. लांबलचक.

शक्य झालं तर घरातल्या एखाद्या आजी-आजोबांना शेजारी घेऊन बघा. भाषेची अडचण येत नाही, तुम्ही आहातच डबिंगला. फक्त चहा तेवढा त्या दिवशी तुम्ही करा, आणि आजीला म्हणा, तू बैस.